वीरगळाची मिशी

कुसुंबगडाच्या पायथ्याला जीप थांबली तेव्हा निवेदिताला सगळ्यांत आधी दिसला तो तिचा बाप. डोक्याला फेटा बांधलेला.

हेरेकर सरांनी हयातीत कधी फेटा बांधला नव्हता. लग्नातसुद्धा टोपीवर भागवलं, असं आई सांगायची. आणि आता वाडीच्या तोंडाशी, दोन वाशांना ताणून बांधलेल्या फ्लेक्सवर ते भगवा फेटा घालून उभे होते. पाठीमागे उगवता सूर्य, सूर्यावर एक गरुड, आणि पायांशी बारा-तेरा तरुणांचे गोल फोटो. त्यांतल्या निम्म्यांनी काळे चष्मे लावले होते. 'हेरेकर सर स्मृतिशिल्प व व्ह्यू पॉइंट, अनावरण सोहळा.'

"कसा आलाय, आक्का?" समर्थ पुढे झाला. पिरनवाडीत त्याचं फ्लेक्स छापायचं दुकान होतं. शाळेत असल्यापासून तो सरांबरोबर दर रविवारी गडावर यायचा, आणि सर गेल्यावर गडावर जाणाऱ्या पोरांचं मंडळ त्यानंच चालवलं होतं.

"फेटा कुणाचा आहे?"

"कॉम्प्युटरातला. सरांचे सगळे फोटो कानटोपीतले न्हवं. कानटोपी घालून कसा लावणार फ्लेक्स? लोक म्हणतील, सर्दी झालीय."

पोरं हसली. निवेदिता फ्लेक्सकडेच बघत राहिली. सर गेल्या वर्षीच्या कार्तिकात गेले. वर्षश्राद्ध नुकतंच झालं होतं, आणि ती धारवाडच्या कॉलेजातल्या ग्रंथालयातून रजा काढून बेळगावला टिळकवाडीत आईजवळ राहिली होती. समर्थ बोलवायला आला तेव्हा तिनं नकोच म्हटलं असतं. पण आई मध्ये पडली. "माझे गुडघे असते तर मीच गेले असते. तू जा, पडदा ओढ, फोटो काढून आण. बाबांचं नाव कुठंतरी राहतंय ना? राहू दे."

म्हणून ती आली होती. वर गडाच्या पश्चिम टोकावर एक वीरगळ आहे, त्याच्याजवळ स्मारक केलंय, इतकंच तिला सांगितलं होतं. 'त्याच्याजवळ' म्हणजे नेमकं कुठं, हे तिनं विचारलं नाही, आणि समर्थनंही सांगितलं नाही.

वीरगळ मात्र ती ओळखत होती. लहानपणी बाबांनी तिला त्याच्यासमोर बसवून तो वाचायला शिकवला होता, खालून वर. सगळ्यांत खाली लढाई: एक माणूस, हातात तलवार, मागे चार गाई. गाई पळवायला आलेल्यांशी लढताना तो पडला. मधल्या चौकटीत दोन अप्सरा त्याला बखोटीला धरून वर नेताहेत. सगळ्यांत वर तो महादेवाच्या पिंडीपुढे हात जोडून बसलाय, आणि माथ्यावर चंद्र-सूर्य. दगड इतका झिजलेला की माणसाच्या तोंडाच्या जागी नुसता एक गुळगुळीत उंचवटा उरला होता. "ह्याचं नाव काय?" तिनं विचारलं होतं. "कुणाला ठाऊक नाही," बाबा म्हणाले होते. "आणि ठाऊक नाही म्हणून घाईनं कुणाचं तरी लावायचंही नाही." दर पावसाळ्यानंतर ते दगड फक्त पाण्यानं, हातानं धुवायचे. ब्रश नाही, साबण नाही.

बाबांचा दुसरा नेम पोरांना जास्त ठाऊक होता. गडावरून उतरलं की पायथ्याच्या आंब्याखाली सगळ्यांनी ओळीनं उभं राहायचं आणि पिशवी दाखवायची. वर नेलेलं सगळं खाली आलंच पाहिजे, शिवाय दुसऱ्या कुणीतरी टाकलेलं थोडं. ज्याची पिशवी रिकामी, तो परत वर. एकदा बेळगावचे एक नावाजलेले वकील पाहुणे म्हणून आले होते. त्यांनी पिशवीबद्दल वाद घातला. बाबांनी तो शांतपणे ऐकून घेतला, मान डोलावली, आणि त्यांना पहिल्या वळणापर्यंत परत पाठवलं. वकीलसाहेब बिसलरीची एक बाटली घेऊन खाली आले तेव्हा बाबा म्हणाले, "झालं. जा घरी." हे त्यांचं ठरलेलं वाक्य होतं. ते म्हटल्याशिवाय कुणी हलायचं नाही.

निवेदितानं पाठीवरच्या पिशवीतून रिकामं पोतं काढलं आणि ती चढायला लागली.

पहिल्या वळणालाच गुटख्याच्या पुड्या होत्या, वाळल्या पानांत पानांसारख्याच पसरलेल्या. मग बिर्याणीच्या थर्माकोलच्या ताटल्या, हाडांसकट. एका सपाट कातळावर कुणाच्या तरी वाढदिवसाचा केक फासलेला होता. गुलाबी क्रीम उन्हात वितळून दगडाच्या भेगांत उतरलं होतं आणि त्यावर माश्या इतक्या दाट बसल्या होत्या, की कातळ हलतोय असं वाटावं. कारवीच्या झुडपात बाळाचा डायपर अडकलेला. करवंदीच्या जाळीत बिअरची बाटली, आणि बाटलीत अर्धवट बुडालेला सरडा, फुगून पांढरा झालेला. ती एकेक उचलत होती. ग्लोव्ह्ज आणायला हवे होते. डायपर उचलताना तिनं श्वास धरून ठेवला. तरी तो वास नाकातून घशात उतरलाच.

तटबंदीच्या पहिल्या दगडांवर नावं होती. साईराज, बदाम, बाण, दुसऱ्या बाजूचं नाव खरवडून काढलेलं. आजकाल दर रविवारी गोव्याच्या वाटेवरची माणसं गाड्या लोंढ्याच्या रस्त्याला लावून इथं येतात. येऊन बघतात काय? स्वतःचं तोंड, मोबाइलमध्ये.

"राहू द्या आक्का, उतरताना पोरं घेतील," समर्थ मागून म्हणाला. त्याच्या खांद्यावर स्पीकर होता.

"उतरताना घेतीलच. मी चढतानाही घेते."

अर्धी चढण संपली आणि कचरा बदलला. ताटल्या, बाटल्या कमी झाल्या. त्यांच्या जागी पुठ्ठ्याचे चौकोनी डबे दिसायला लागले, बेळगावच्या कुंद्याचे, खव्याच्या मिठाईचे. आधी एक, मग दोन, मग पायवाटेच्या दोन्ही बाजूंना. काही माकडांनी फाडलेले, काही पावसानं लगदा झालेले. एक तिनं उचलला तर तळ निसटला आणि आतला तपकिरी, आंबलेला गोळा तिच्या मनगटावर पडला. नासलेल्या दुधाचा वास. गोळ्यातून मुंग्यांची रांग तिच्या बाहीत शिरली. तिनं हात झटकला, पुन्हा झटकला, गवताला पुसला. पुढे कागदी कपांत चहा होता, शिळा, साय धरलेला, सायीवर मेलेले किडे.

एवढा कुंदा इथं कोण आणतंय? सहलीला कुणी कुंदा आणून न खाता टाकेल का?

उत्तर तिला वर मिळालं. टोकावर वाडीतली मंगल आधीच येऊन बसली होती, शेजारी उप्पीटाचं मोठं पातेलं. निवेदिताला बघून ती पदर सावरत उठली आणि वाकून नमस्कारच करायला लागली. निवेदितानं तिला खांद्याला धरून थांबवलं.

"सरांची लेक न्हवं का तुम्ही? मग?" मंगल म्हणाली.

"मावशी, हे कुंद्याचे डबे कोण टाकतं?"

"टाकतंय कोण? ठेवत्यात." मंगलला प्रश्नच कळला नाही. "सरांला कुंदा लई आवडायचा. दर ऐतवारी आणायचे आन् त्या थोरल्या दगडामागं बसून खायाचे. पोरांला म्हणायचे, घरात सांगायचं न्हाय. साखर होती न्हवं त्यांला. तवा आता माणसं ठेवत्यात. माझी म्हस व्याली, मी ठेवला. भावकूचा ल्योक पास झाला, त्यानं ठेवला. चहाबी ठेवत्यात, बिनसाकरेचा."

समर्थ हळूच म्हणाला, "पावतात सर."

निवेदिता त्या थोरल्या दगडामागं गेली. तिथं तिच्या कमरेइतका ढीग होता. डबे, कप, दोऱ्यांच्या गुंडाळ्या, उदबत्तीच्या प्लास्टिकच्या नळ्या, नारळाच्या करवंट्या, त्यांत साचलेलं हिरवं पाणी. दोन माकडं ढिगावर बसून पुठ्ठे चाटत होती. तिला पाहून त्यांतल्या मोठ्यानं दात विचकले आणि पुन्हा चाटायला लागलं. वास असा होता, की डोळ्यांत पाणी आलं. आयुष्यभर एकेक कागद वेचलेल्या माणसाच्या नावानं, त्याच्याच गडावर, त्याचाच उकिरडा झाला होता. खालपासून ज्या घाणीला ती मनातल्या मनात शिव्या देत आली, तिच्यातली निम्मी तिच्या बापाचा नैवेद्य होती.

आणि तिला हेही कळलं, की बाबा दर रविवारी इथं बसून कुंदा खायचे, आणि हे अख्ख्या वाडीला ठाऊक होतं. घरी तेवढं ठाऊक नव्हतं.

ती पुढच्या बाजूला, वीरगळाकडे आली. वीरगळ जागेवर नव्हता. म्हणजे होता, पण जमिनीतून उपटून सिमेंटच्या चौथऱ्यावर बसवलेला. चौथऱ्याला न्हाणीघरातल्यासारख्या निळसर टाइल्स. दगडाभोवती कोरा पांढरा पंचा गुंडाळलेला, वर सॅटिनची गाठ. चौथऱ्याच्या दर्शनी बाजूला काळ्या ग्रॅनाइटची पाटी, सोनेरी अक्षरं: 'कै. शरच्चंद्र हेरेकर सर यांचे स्मृतिशिल्प.' पाटीच्या कडेनं सिमेंट अजून ओलसर, गडद होतं. आणि सगळ्यावर ऑइलपेंटचा वास.

"आत काय केलंय?" तिनं विचारलं.

"ते पडदा ओढल्यावरच बघायचं," समर्थ म्हणाला. "गुंडूला किती सांगितलं, कुणाला दाखवायचं न्हाय म्हणून."

गुंडू पेंटर पलीकडे उभा होता. देवळांची शिखरं आणि लक्ष्मीच्या जत्रेतले रथ रंगवण्यात त्या भागात त्याचं नाव होतं. त्यानं आज नवा शर्ट घातला होता आणि नखांतला रंग लपवायला हात मागे धरले होते.

तिनं पंच्याचं टोक उचललं. कुणी अडवायच्या आत उचललं.

गाई पांढऱ्या-काळ्या होत्या, मोठ्या आचळांच्या, डेअरीच्या पिशवीवर असतात तशा. अप्सरांच्या साड्या गुलाबी, ओठ लाल, पापण्यांचे केस एकेक काढलेले. महादेवाची पिंड चांदी रंगात. आणि खाली, लढाईत, ज्या माणसाच्या तोंडावर काळानं काही ठेवलं नव्हतं, त्या गुळगुळीत उंचवट्याला गुंडूनं गव्हाळ रंग दिला होता, दोन डोळे काढले होते, आणि डोळ्यांखाली एक भरघोस पांढरी मिशी. बाबांची मिशी. उजवीकडे जरा जास्त झुकलेली.

तिचा हात आपोआप पुढे गेला. मिशी ओली होती. तिच्या दोन बोटांना पांढरा रंग लागला, चिकट, गार. मेलेल्या माणसाच्या तोंडाला हात लागावा तशी ती मागे सरली. पंच्याचं टोक हातातून सुटून परत दगडावर पडलं.

"पहाटे शेवटचा हात दिलाय, म्हणून वलं हाय," गुंडू म्हणाला. "फोटोवरनंच काढलीय. बरोबर आलीय न्हवं?"

"हे तुम्ही का केलंत?"

गुंडू गोंधळला. "देवाला रंग देतो, तसा दिला. सरांला काय उघडं ठेवणार?"

"समर्थ," ती म्हणाली. आवाज चढला नव्हता. वाचनालयात बोलावं तसाच होता. "बाबा हा दगड नुसत्या पाण्यानं धुवायचे. तुला ठाऊक आहे. तूच पाणी आणायचास."

"धुवून काय उपेग झाला, आक्का? तीस वर्सं धुतला. येणारा त्यावर पाय ठेवून फोटो काढत होता. आता रंग दिलाय तर चपला काढून येतात. बघा तुम्हीच." खरंच, मंडळाच्या पोरांच्या चपला लांब, एका रांगेत होत्या. "देव केल्याशिवाय आपली माणसं कशाला हात जोडतात व्हय?"

तिनं काळ्या ग्रॅनाइटकडे बोट केलं. 

"आणि पाटी? उद्या येणारा म्हणेल, हा हेरेकर सरांचा पुतळा. मग गाईंसाठी मेला तो कुठं गेला?"

"त्याला कोण वळखतंय?" समर्थ म्हणाला. "सरांला आम्ही वळखतो. सर काय एकट्या तुमचे न्हवते. तुम्ही धारवाडात. गडावर शेवटचं कधी आलता, सांगा बघू? कुंद्याचंबी आजच कळलं तुम्हाला."

मंगल पुटपुटली, "आरं, गप की रं." कुणीतरी स्पीकर चालू करायला गेला होता, तो तसाच हातात वायर धरून थांबला.

निवेदिता कड्याकडे तोंड करून उभी राहिली. खाली घाटाचं जंगल निळं होत होत गोव्याच्या बाजूला उतरत होतं, आणि अगदी शेवटी एक फिकी रेघ होती. बाबा म्हणायचे, तो समुद्र. बाकी सगळे म्हणायचे, धुकं. बाबांनी त्यावर कधी पैज लावली नाही आणि कधी माघारही घेतली नाही. तिनं वळून बघितलं. शेजारी लोखंडी खांबावर पाटी होती: 'समुद्र दर्शन पॉइंट.'

"ओढते मी पडदा," ती म्हणाली. समर्थचा चेहरा सैल झाला. "पण आधी एक सांगा. आज खाली आंब्याखाली पिशव्या दाखवायच्या आहेत ना? का ते बंद केलंत?"

"बंद कसं करू? चालूच हाय."

"मग ही पाटी कोण खाली नेणार?"

कुणाला काही कळेना.

"वर नेलेलं सगळं खाली आलंच पाहिजे. पाटी वर कुणी आणली?"

"मी," समर्थ म्हणाला. "डोक्यावरनं."

"मग ती तुझ्या पिशवीतली. दगड आधीपासून इथला आहे, तो राहील. रंग आता निघायचा नाही, काढायला गेलो तर दगड सोलला जाईल, तोही राहील. पण पाटी वर आणलेली आहे. हे सांगायला मी कोणी नसेन. तू म्हणतोस तसं, फारशी आलेच नाही. पण हा नेम माझा नाही. तुमच्या सरांचा आहे. आज ही पाटी इथं राहिली, तर आंब्याखाली तुम्हाला कुणाची पिशवी बघायचा हक्क उरतो का, ते तूच सांग."

 माकडांचं पुठ्ठे फाडणं तेवढं ऐकू येत होतं. मग गुंडूच खाली बसला आणि त्यानं पाटीच्या कडेला अंगठा दाबून बघितला.

"आज निघंल," तो म्हणाला. "उद्या न्हाय."

समर्थनं त्याच्याकडे असं बघितलं, की गुंडू अंगठा पुसत उभा राहिला. मग समर्थ स्वतः गुडघ्यांवर बसला. लहानपणी त्याला सरांनी तीनदा परत वर पाठवलं होतं. तिन्ही वेळा रडत गेलता, असं मंडळातली पोरं त्याला चिडवायची. त्यानं पाटीच्या दोन्ही बाजूंना बोटं घातली आणि ओढली. सिमेंटनं आधी धरून ठेवलं, मग चिखलातून पाय निघावा तसा आवाज करत सोडलं. खाली करड्या लगद्यात सोनेरी अक्षरांच्या उलट्या बाजूचा चौकोन उमटला.

"माझ्या दुकानात लावतो," तो तिच्याकडे न बघता म्हणाला. "तिथं तुम्हाला न्हाय म्हणता येणार न्हाय."

"तिथं मी ओवाळायला येईन," ती म्हणाली, आणि तिनं पंचा ओढला.

टाळ्या जरा उशिरानं वाजल्या. मंगलनं दगडाला हात जोडले आणि कमरेच्या पिशवीतून कुंद्याचा नवा डबा काढला. निवेदितानं तिच्याकडे नुसतं बघितलं. मंगल थबकली, डब्याकडे बघत राहिली, मग तिनं तो फोडला आणि सगळ्यांच्या हातावर थोडा थोडा ठेवला. निवेदिताच्या हातावरही. बोटांना रंग, मनगटाला नासका चिकटा, आणि त्यावर ताजा कुंदा. खाल्ला नसता तर बाई दुखावली असती. तिनं खाल्ला. 

पाठचा ढीग भरायला सगळ्यांची पोती लागली. पोरं तोंडाला रुमाल बांधून करवंट्या ओतत होती आणि एकमेकांना म्हणत होती, "ए, सरांचा परसाद सांडू नको." कुणी ओकारीचं नाटक केलं, एक खरंच ओकला. निवेदिता हातानं पुठ्ठ्याचा लगदा उचलत राहिली. लगद्यात पांढऱ्या अळ्या होत्या. तिला आश्चर्य वाटलं, की तिला रडू येत नव्हतं. वर्षश्राद्धाला आलं नव्हतं, आत्ताही नाही. 

समर्थ डोक्यावर चुंबळ करून पाटी घेऊन सगळ्यांच्या पुढे उतरला. वाटेत एकदाही थांबला नाही, कुणाला हात लावू दिला नाही. आंब्याखाली तो पाटी मांडीशी टेकवून उभा राहिला. बाकीचे एकेक करून येऊन ओळीत लागले. मग कुणी हलेना. सगळे तिच्याकडे बघायला लागले, तेव्हा तिच्या ध्यानात आलं, की ते वाक्य अजून व्हायचं होतं.

तिनं प्रत्येकाचं पोतं उघडून बघितलं. समर्थसमोर आली तेव्हा तो आंब्याच्या शेंड्याकडे बघत होता. कपाळावर चुंबळीचा वळ होता आणि सिमेंटचा एक ओघळ कानापर्यंत आला होता.

"झालं," ती म्हणाली. "जा घरी."

टिळकवाडीत दार उघडल्या उघडल्या आईनं नाकाला पदर लावला. "कुठं लोळून आलीस गं?" आणि लगेच, "फोटो काढलास?"

निवेदितानं मोबाइल दिला आणि ती मोरीत गेली. साबणानं रंग जाईना. नखांनी खरवडलं तर तो नखांत गेला.

"पाटी कुठंय? नाव दिसत नाही," आई बाहेरून म्हणाली.

"पाटी समर्थच्या दुकानात लागणार आहे. तिथं जास्त माणसं बघतील."

 बाहेर खुर्ची करकरली. ती उजेडाकडे सरकली असावी. निवेदिता हात चोळत राहिली. वास जात नव्हता. आता सांगून टाकावं, असं तिला वाटलं.

"आई, बाबा गडावर कुंदा खायचे. दर रविवारी. दगडामागं लपून."

"मला काय सांगतेस? सोमवारची साखर कधी कमी आली होती त्यांची?" आई म्हणाली.  मग हसल्यासारखा एक आवाज आला, जो पुरता हसण्याचा नव्हता. "निवू, इकडं ये. हे बघितलंस का? उजवीकडं झुकलेली. मिशी अगदी त्यांचीच काढलीय मेल्यानं."

निवेदितानं खोबरेलाची बाटली पालथी केली आणि बोटं चोळायला लागली. पांढरा रंग निघाला नाही, पसरला.